चित्रपटाचे दोन जन्म

पुस्तक एकदा छापून झाले की ते कपाटात पडून राहिले तरी नष्ट होत नाही. आज ना उद्या एखादा वाचक येतो, धूळ झटकतो आणि ते वाचू लागतो. चित्रपटाचे तसे नाही. तो पुरा होतो त्या दिवशी त्याचा केवळ पहिला जन्म झालेला असतो. अंधाऱ्या दालनात, तिकीट काढून आलेल्या अनोळखी माणसांसमोर तो पडद्यावर उमटतो, तेव्हा त्याचा दुसरा जन्म. पहिल्या जन्माला पैसा, यंत्रे आणि प्रतिभा लागते. दुसऱ्याला चित्रगृह लागते, वितरक लागतो आणि मुख्य म्हणजे प्रेक्षक लागतो. उत्तम चित्रपट निघतात कसे, याविषयी पुष्कळ बोलले जाते. ते लोकांपर्यंत पोहोचतात कसे, याविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. युरोपातील, त्यातही फ्रान्समधील चित्रपटसृष्टीचा विचार करताना हा दुसरा जन्म नजरेआड करून चालत नाही. भारतात या दोन्ही जन्मांची कहाणी जवळून पाहावयाची असेल, तर कलकत्त्याइतके, म्हणजे आजच्या कोलकात्याइतके, योग्य शहर दुसरे नाही.

प्रथम फ्रान्सकडे पाहू. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा त्या देशातील चित्रपटगृहांवर अमेरिकन चित्रपटांचा लोंढा येऊन आदळला. युद्धाच्या काळात अडकून पडलेली शेकडो चित्रे एकदम बाजारात आली. १९४६ साली अमेरिकेशी झालेल्या करारात फ्रेंच चित्रांना दर तिमाहीत केवळ चार आठवडे राखून ठेवण्यात आले. त्याविरुद्ध कलावंत आणि तंत्रज्ञ रस्त्यावर उतरले, आणि १९४८ साली त्या चारांचे पाच आठवडे झाले. परंतु केवळ आठवडे राखून चित्रपट जगत नाही, हे फ्रेंच राज्यकर्त्यांनी ओळखले होते. १९४६ सालीच चित्रपटांसाठी एक राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले, आणि १९४८ सालापासून चित्रगृहातील प्रत्येक तिकिटावर एक खास पट्टी बसविण्यात आली. आज ती १०.७२ टक्के आहे. ही रक्कम सरकारी खजिन्यात विरून जात नाही. ती चित्रपटाकडेच परत येते. ज्या निर्मात्याचे चित्र चालले, त्याला तिच्यातून वाटा मिळतो; मात्र तो त्याने पुढील चित्रासाठीच वापरावयाचा असतो. चित्रगृहांच्या डागडुजीलाही तिचा उपयोग होतो. गंमत अशी की तिकीट अमेरिकन चित्राचे असले तरी पट्टी द्यावीच लागते. म्हणजे हॉलिवूडचे चित्र पाहावयास गेलेला प्रेक्षक नकळत एखाद्या फ्रेंच चित्राच्या निर्मितीला हातभार लावून येतो.

१९५९ साली, आंद्रे मालरो हे सांस्कृतिक मंत्री असताना, या व्यवस्थेला आणखी एक जोड मिळाली. कथा आणि पटकथा वाचून तज्ज्ञांची समिती निर्मात्याला आगाऊ रक्कम देऊ लागली. चित्र चालले तर त्याच्या उत्पन्नातून ती फेडावयाची. न चालले तर तगादा नाही. त्याच वर्षी कान महोत्सवात फ्रान्स्वा त्रुफो या सत्तावीस वर्षांच्या दिग्दर्शकाचे पहिले मोठे चित्र गाजले, आणि पुढच्या वर्षी गोदारचे पहिले मोठे चित्र पडद्यावर आले. नवलहरीचे हे तरुण केवळ बुद्धीच्या बळावर पुढे आले असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. त्यांच्या मागे चित्रमंडळे होती, पॅरिसमधील जुन्या चित्रांचे संग्रहालय होते, आणि निराळी चित्रे दाखविण्याचे व्रत घेतलेली लहान चित्रगृहे होती. पाहणारा तयार झाला होता, म्हणून काढणारा उभा राहू शकला.

कलकत्त्यात याच सुमारास पाहणारा तयार करण्याचा उद्योग मूठभर माणसांनी हाती घेतला होता. देश स्वतंत्र झाल्यानंतर दोनच महिन्यांनी, ऑक्टोबर १९४७ मध्ये, कलकत्ता फिल्म सोसायटी स्थापन झाली. सत्यजित राय, चिदानंद दासगुप्त, बन्सी चंद्रगुप्त ही त्यातील मंडळी. पहिले चित्र दाखविले ते आइझेन्स्टाइनचे ‘बॅटलशिप पोटेम्किन’. सभासद थोडे, पैसा त्याहून थोडा. कोणाच्या दिवाणखान्यात पडदा लावावा, कोठून तरी चित्राची प्रत मिळवावी आणि मध्यरात्रीपर्यंत वाद घालावा, असा तो कारभार होता. व्यापाराच्या दृष्टीने या उद्योगाला काही अर्थ नव्हता. परंतु याच दिवाणखान्यांत भारतीय चित्रपटाचा पुढचा काळ रांगू लागला होता.

१९४९ साली या मंडळींच्या दारात जणू युरोपच चालत आला. विख्यात चित्रकार ओग्युस्त रेन्वा यांचे पुत्र आणि फ्रान्सचे थोर दिग्दर्शक झाँ रेन्वा हे रूमर गॉडन यांच्या कादंबरीवर ‘द रिव्हर’ काढण्यासाठी बंगालमध्ये आले. पैसा उभा करणारे केनेथ मॅकएल्डाउनी हे कॅलिफोर्नियातील फुलांचे व्यापारी. चित्रपट काढण्याचा त्यांना पूर्वानुभव नव्हता. त्या वेळी राय हे एका जाहिरात कंपनीत चित्रकार होते. ते रेन्वांना हॉटेलात जाऊन भेटले आणि पुढे सुटीच्या दिवशी त्यांच्याबरोबर गावोगाव हिंडून चित्रीकरणाच्या जागा दाखवू लागले. फ्रान्सचा तो अनुभवी माणूस केळीच्या झाडाकडे, तळ्यातल्या पाण्याकडे, झोपडीच्या सारवलेल्या भिंतीकडे ज्या कुतूहलाने पाहत असे, ते पाहून आपल्याच मुलखाकडे नव्याने पाहण्याची दृष्टी त्यांना लाभली.

१९४९ च्या अखेरीस हुगळीच्या काठी, बराकपूरच्या परिसरात, चित्रीकरण सुरू झाले. चित्र रंगीत होते. टेक्निकलरचा कॅमेरा हे तेव्हा एक अवजड प्रकरण होते, आणि चित्रित झालेली फीत धुण्यासाठी लंडनला पाठवावी लागे. ती परत येऊन पडद्यावर दिसेपर्यंत काय साधले आणि काय बिघडले ते कळण्यास मार्ग नसे. कलादिग्दर्शक यूजीन लूरिए यांच्या हाताखाली बन्सी चंद्रगुप्त काम करू लागले. छायालेखक होते रेन्वांचे पुतणे क्लोद. त्यांच्या आसपास सुब्रत मित्र नावाचा एक कोवळा तरुण घुटमळत असे. त्याला काम मिळाले नव्हते. केवळ पाहण्याची परवानगी मिळाली होती. तो रोज वहीत प्रकाशयोजनेच्या आकृत्या काढी. कोणता दिवा कोठे होता, नटाने कोणत्या बाजूला पाहिले होते, हे सारे टिपून ठेवी. पुढे पुढे तर खुद्द क्लोद रेन्वा त्याच्या वहीचा आधार घेऊ लागले. १९५१ साली ‘द रिव्हर’ला व्हेनिसच्या महोत्सवात पारितोषिक मिळाले. पण कलकत्त्याच्या दृष्टीने त्या चित्राचे खरे पारितोषिक ही वहीच होती.

१९५० साली राय कचेरीच्या कामासाठी लंडनला गेले. तेथील मुक्कामात त्यांनी शंभराच्या आसपास चित्रपट पाहिले. त्यांत इटलीच्या डी सीका यांचे ‘बायसिकल थीव्ह्ज’ होते. व्यावसायिक नट नाहीत, उभारलेली दालने नाहीत, खरे रस्ते आणि खरी माणसे! हे जर रोममध्ये होऊ शकते, तर बंगालच्या खेड्यात का होऊ नये? जानेवारी १९५२ मध्ये भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव मुंबईत सुरू झाला आणि तेथून मद्रास, दिल्ली, कलकत्ता असा फिरला. इटलीची ती नवी चित्रे तेव्हा हजारो भारतीय प्रेक्षकांनी पाहिली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात राय ‘पथेर पांचाली’च्या चित्रीकरणासाठी काशफुलांच्या माळावर उभे होते. सुब्रत मित्र छायालेखक, बन्सी चंद्रगुप्त कलादिग्दर्शक. मित्र तेव्हा अवघे एकवीस-बावीस वर्षांचे. चलच्चित्राचा कॅमेरा त्यांनी पूर्वी चालविलाच नव्हता. पुढच्या खेपेस ही मंडळी माळावर गेली तेव्हा गुरांनी सारी फुले खाऊन टाकली होती. ते दृश्य पुरे करण्यासाठी पुढच्या वर्षीच्या बहराची वाट पाहावी लागली!

त्याहून मोठी वाट पाहावी लागली ती पैशाची. राय यांनी विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढले, कलेची पुस्तके आणि ग्रामोफोनच्या तबकड्या विकल्या, पत्नीचे दागिने गहाण पडले. चित्रीकरण थांबे, सुरू होई, पुन्हा थांबे. या काळात अपूचा आवाज फुटला नाही, दुर्गा मोठी दिसू लागली नाही आणि म्हाताऱ्या इंदिर ठाकरुणचे काम करणाऱ्या चुनीबाला देवी जिवंत राहिल्या, या तीन गोष्टींना राय पुढे चमत्कार म्हणत. अखेर मुख्यमंत्री बिधानचंद्र राय यांच्या सरकारने पैसा दिला. सरकारी दप्तरात चित्रपटासाठी खातेच नव्हते. चित्राच्या नावात ‘पथ’ असल्यामुळे तो खर्च रस्त्यांच्या कामी टाकला गेला, ही हकीगत आजही हसत हसत सांगितली जाते. हसण्यासारखी असली तरी तिच्यातील मर्म हसण्यावारी नेण्याजोगे नाही. जे काम फ्रान्समध्ये कायद्याने आणि नियमाने होत होते, ते बंगालमध्ये एका मुख्यमंत्र्याच्या मर्जीने आणि एका कारकुनी युक्तीने झाले.

पहिला जन्म असा कष्टाने झाला. दुसऱ्याची कथा निराळीच. त्या काळी कलकत्त्यातील बंगाली चित्र तीन-तीन चित्रगृहांच्या साखळीत लागत असे. मिनार-बिजली-छबिघर ही एक साखळी, रूपवाणी-अरुणा-भारती ही दुसरी. साखळी मिळाली तर चित्र तरले. न मिळाली तर डब्यात पडले. ‘पथेर पांचाली’ २६ ऑगस्ट १९५५ रोजी बसुश्री आणि इतर चित्रगृहांत लागले. आरंभी गर्दी बेताची होती. मग पाहून आलेल्यांनी शेजाऱ्यांना सांगितले, शेजाऱ्यांनी नातलगांना. आणि बघता बघता तिकिटे मिळेनाशी झाली. परंतु सहा आठवड्यांनी बसुश्रीतील मुदत संपली. पुढचे चित्र आधीच ठरलेले होते. भरल्या चित्रगृहातून ते उतरवावे लागले आणि दुसरीकडे हलवावे लागले. पुढील वर्षी ते कान महोत्सवात गेले. तेथे त्याचा खेळ गैरसोयीच्या वेळी ठेवलेला. त्याच वेळी मेजवानी. परीक्षकांपैकी कित्येक आलेच नाहीत. काही फ्रेंच समीक्षकांनी आग्रह धरला म्हणून खेळ पुन्हा झाला, आणि ‘सर्वोत्कृष्ट मानवी दस्तऐवज’ या पारितोषिकाने त्याचा गौरव झाला. दोन्ही वेळा चित्र तेच होते. बदलली ती एवढीच गोष्ट की दुसऱ्या वेळी खुर्च्यांवर माणसे होती.

सन्मान आणि प्रदर्शन या मात्र दोन निराळ्या गोष्टी आहेत. मराठी रसिकांना हे नव्याने सांगावयास नको. प्रभातचा ‘संत तुकाराम’ मुंबईच्या एकाच चित्रगृहात वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ साली व्हेनिसमध्ये गौरविला गेला. म्हणून काही युरोपातील गावोगावच्या चित्रगृहांत तो लागला नाही. राय यांच्याही वाट्याला हेच आले. ‘अपराजितो’ने १९५७ साली व्हेनिसचा सुवर्णसिंह मिळविला, पण खुद्द कलकत्त्यातील प्रेक्षकांनी त्याकडे पाठ फिरविली होती. याच चित्रात सुब्रत मित्रांनी काशीच्या घराचे उभारलेले अंगण वरून पांढऱ्या कापडाने झाकले, दिव्यांचा झोत त्या कापडावर टाकला आणि परावर्तित झालेल्या मंद उजेडात चित्रीकरण केले. काही वर्षांनी फ्रान्समध्ये राउल कुतार यांनीही छतावरून परतविलेल्या प्रकाशाचा असाच उपयोग केला. ‘जलसाघर’ कलकत्त्यात १९५८ साली आला. पॅरिसमध्ये तो प्रदर्शित झाला १९८१ साली, आणि तेथे त्याला अनपेक्षित यश लाभले. मधल्या तेवीस वर्षांत चित्रात एका चौकटीचाही फरक झाला नव्हता. तेवीस वर्षे वाया गेली ती प्रेक्षकांची.

उलट दिशेनेही वाहतूक चालू होती, आणि ती नेहमीच सुखाची नव्हती. १९६८ साली लुई माल दोन साथीदारांसह भारतात आले. त्यांनी कलकत्त्यावर एक स्वतंत्र चित्र काढले आणि भारतावर सात भागांची दूरचित्रमालिका तयार केली. १९७० साली ब्रिटिश दूरचित्रवाणीवर ती दाखविली गेली तेव्हा भारत सरकार इतके संतापले की बीबीसीला दिल्लीतील कचेरी बंद करावी लागली. १९९१ साली दोमिनिक लापिएर यांच्या पुस्तकावरील ‘सिटी ऑफ जॉय’चे चित्रीकरण कलकत्त्यात चालू असताना निदर्शने झाली आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. शहराचे दारिद्र्य परक्यांच्या पडद्यावर विकले जात आहे, हा त्यामागचा राग होता. त्या रागात अभिमान होता, तसाच थोडा न्यायही होता. ज्याच्यापाशी भांडवल आणि वितरण असते त्याचीच नजर जगभर पोहोचते, आणि ज्यांच्यावर ती नजर खिळलेली असते त्यांना उत्तर देण्यासाठी पडदा मिळत नाही. कलकत्त्याची कलकत्त्याने काढलेली चित्रे जगभर सहज लागत असती, तर एका परदेशी चित्राचे एवढे दडपण कोणाला वाटले नसते.

यातून मार्ग निघाला तो सहनिर्मितीचा. मृणाल सेन यांनी १९८६ साली काढलेल्या ‘जेनेसिस’मागे भारताबरोबर फ्रान्स, बेल्जियम आणि स्वित्झर्लंड या देशांचे भांडवल होते. १९८९ साली फ्रान्सचे अध्यक्ष मितराँ यांनी स्वतः कलकत्त्यात येऊन राय यांना ‘लेजियाँ द ऑनर’ हा सन्मान दिला. पाठोपाठ राय यांच्या ‘शाखा प्रशाखा’ या १९९० सालच्या चित्राला दानिएल तोस्काँ द्यु प्लांतिए आणि नट जेरार देपार्द्यू हे दोन फ्रेंच निर्माते लाभले. कथा बंगाली, नट बंगाली, भाषा बंगाली, चित्रीकरणही बंगालमधलेच. केवळ पैसा आणि वितरणाचा हात फ्रान्सचा. चाळीस वर्षांपूर्वी एका फ्रेंच दिग्दर्शकाला हुगळीचा काठ दाखविणाऱ्या तरुणाच्या घरी आता फ्रान्सच येऊन उभे राहिले होते.

सहनिर्मितीत जसा लाभ आहे तशी अटही आहे. युरोपातील निधी बहुधा एका देशाच्या भरवशावर संपूर्ण चित्र उभे करीत नाही. फ्रान्सच्या केंद्राकडून थोडे, एखाद्या महोत्सवाच्या निधीतून थोडे, दूरचित्रवाणीकडून थोडे, असे ठिगळाला ठिगळ जोडून अंदाजपत्रक पुरे होते. आणि त्या त्या देशाचे तंत्रज्ञ किंवा तेथील कार्यशाळा घ्याव्या लागतात. काळ लागतो, पत्रव्यवहार वाढतो. पण प्रत्येक भागीदारामागून त्या देशातील चित्रगृहाचे दारही उघडते. आदित्य विक्रम सेनगुप्त यांचे आधुनिक कोलकात्यावरील चित्र २०२१ साली व्हेनिसमध्ये दाखविले गेले, तेही फ्रान्स आणि नॉर्वे यांच्या सहकार्याने. पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वी इमॅजिन अॅज लाइट’ने २०२४ साली कानचे ग्राँ प्री पारितोषिक मिळविले. मुंबई आणि रत्नागिरी ही त्याची भूमी. छाया कदम त्यातील एक प्रमुख नटी. मल्याळम, हिंदी आणि मराठी या त्याच्या भाषा. दिग्दर्शिका पुण्याच्या संस्थेत शिकलेल्या, आणि ती संस्था उभी आहे प्रभातच्या जुन्या जागेवर. तथापि हे चित्र फ्रान्सच्या चित्रगृहांत ऑक्टोबरच्या आरंभी लागले. रत्नागिरीच्या मुलखाला आणि भारतभरच्या प्रेक्षकांना नोव्हेंबरच्या उत्तरार्धापर्यंत थांबावे लागले.

मग भारताने या दुसऱ्या जन्मासाठी काहीच केले नाही काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समितीने १९५१ सालीच चित्रपटांसाठी वित्तसंस्था आणि शिक्षणसंस्था काढण्याची शिफारस केली होती. १९६० साली या दोन्ही संस्था अस्तित्वात आल्या. या वित्त महामंडळाच्या कर्जातूनच मृणाल सेन यांचा ‘भुवन शोम’ १९६९ साली निघाला. पश्चिम बंगाल सरकारने कोलकात्यात १९८५ साली ‘नंदन’ हे चित्रपट केंद्र उभारले आणि १९९५ साली शहराचा आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू झाला. महाराष्ट्रात १९७५ च्या सुमारास मराठी चित्राचा करमणूक कर निर्मात्याला पुढील चित्रासाठी परत देण्याची योजना आली. तिची तऱ्हा पाहिली तर फ्रान्सच्या पट्टीशी तिचे नाते सहज ध्यानात येते. परंतु ही सारी बेटेच राहिली. करमणूक कर बहुतेक राज्यांत खजिन्याचाच राहिला, आणि २०१७ साली त्याची जागा वस्तू व सेवा कराने घेतली. चित्रपटाने मिळविलेला पैसा चित्रपटाकडे नियमाने परत येईल, असा बांध देशभर कोणी घातला नाही.

कलकत्त्यात ज्या साखळ्यांत एके काळी बंगाली चित्रे लागत, त्यांतील कित्येक चित्रगृहे आज बंद आहेत. नंदनच्या आवारात मात्र महोत्सवाच्या दिवसांत पहाटेपासून रांग लागते. महाविद्यालयातील मुले, सेवानिवृत्त शिक्षक, झोळी अडकविलेले कवी, सारे त्या रांगेत उभे असतात. आत कधी फ्रेंच चित्र असते, कधी पोलिश, कधी बंगाली. ही रांग कोणा मंत्र्याने घडविलेली नाही, कोणा जाहिरातदाराने विकत आणलेली नाही. १९४७ सालच्या त्या दिवाणखान्यांतून ती निघाली आणि पिढ्यान्‌पिढ्या वाढत गेली. फ्रान्सपाशी पैशाची व्यवस्था आहे. कोलकात्यापाशी ही रांग आहे. चित्रपटाचा पहिला जन्म पैशाशिवाय होत नाही, हे खरे. पण दुसऱ्या जन्माच्या वेळी दाराशी कोणी उभेच नसेल, तर पहिल्याचा सारा खटाटोप व्यर्थ जातो.